गाणं नको, ढोलकी चालेल

आषाढात मंगल कार्यालयात पाय ठेवायची मला सवय नाही. तुम्हालाही नसेल. मुहूर्त संपलेले, खुर्च्यांची चळत कोपऱ्यात, स्वयंपाकघराला कुलूप आणि आचाऱ्याची माणसं आपापल्या गावी पेरणीला गेलेली. जालन्यात भोकरदन रोडवरच्या त्या कार्यालयात मी परवा संध्याकाळी साडेपाचला शिरले, तर वास तेवढा जागेवर होता. भिंतींनी धरून ठेवलेली वैशाखातली हळद, करपलेल्या फोडणीचं तेल, गुलाबपाणी, आणि खुर्च्यांच्या कापडी खोळींना लागलेला पावसाचा कुबटपणा. मी दारातच थबकले. खोटं कशाला बोलू, पन्नाशी उलटली तरी हळदीचा वास आला की माझे पाय आधी चपला सोडायला बघतात.

माझी भाची रेणू, म्हणजे माझ्या चुलतभावाची, बबनदादाची मुलगी, पुण्यात डीजे आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचून लोकांच्या खिडक्या हलवणारा तो डीजे नव्हे. हिच्यापुढे दोन तबकड्या, एक बटणांची पेटी आणि कानाला हेडफोन. ती वाजवते त्याला हाऊस म्युझिक म्हणतात. या संगीताची मुळं कुठली, त्याची एक संध्याकाळ आपल्याच जिल्ह्यात करायची असं तिच्या मनानं घेतलं. क्लब जालन्यात आणायचा कुठून? आषाढात कार्यालय रिकामं असतं, तेच तिनं धरलं. तिथल्या फॉर्मवर लग्न, साखरपुडा, मुंज, बारसं आणि वाढदिवस एवढेच रकाने होते. रेणूनं वाढदिवसावर खूण केली. मॅनेजरनं विचारलं, कुणाचा. एका संगीताचा, म्हणाली. भला माणूस, जास्त खोलात शिरला नाही. उत्सवमूर्तीला बसायला म्हणून त्यानं स्टेजवरची नवरानवरीची दोन लाल सिंहासनं पुसून ठेवली, केकचा फेस भिंतीला लावायचा नाही असं बजावलं, आणि रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद, हे तीनदा सांगितलं. म्हणून हा क्लब सहाला उघडला, आणि लिंबू सरबतावर चालला.

मी मात्र रेणूच्या संगीतासाठी आले नव्हते. मी आले होते तिच्या बापासाठी. शेवटची वीस मिनिटं रेणूनं त्याला दिली होती. आणि बबनदादाला आयुष्यात एकदा एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. ती बघायची वेळ निघून गेली, असं तोही धरून चालला होता आणि आम्हीही.

आम्ही राजूरचे. आमचे आजे मेंढरं राखायचे. अंधारात बसल्या जागी घंटीवरून सांगायचे, अमकी मेंढी मागं राहिली, तिला घेऊन या. मेंढरं गेली, शेती आली, पण तो कान घरात राहिला आणि तो नेमका बबनदादाकडे उतरला. दादानं भोंग्याचा धंदा काढला. लग्न असो, बारसं असो, गणपतीचं देऊळ असो, दादाची सायकल, मागं आवाजाचं मशीन, खांद्यावर भोंगा. ते मशीन तापलं की त्याला एक वास यायचा, धुळीचा आणि गरम लोखंडाचा, तव्यावर काहीच न टाकता तवा नुसता तापू द्यावा तसा. तो वास आला की आम्ही पोरी समजायचो, आता अर्ध्या तासात गाणी लागणार. आम्ही वेण्या घालायला पळायचो.

हळद बायकांची. आमच्या भावकीत हळदीच्या संध्याकाळी अंगणात पुरुष नसायचा. नवरीला हळद लागली, उरलेली एकमेकींच्या गालाला लागली, की बायका पदर खोचायच्या आणि नाचायच्या. वर्षभर शेतात वाकलेल्या बायका. पण भोंगा वाजवायला माणूस लागायचा आणि माणूस म्हणजे पुरुष. मग अंगणात आडवा दोर बांधून त्यावर सतरंजी टाकायची. सतरंजीच्या पलीकडे दादा, मशीन आणि वायरींचं जंजाळ. अलीकडे आम्ही.

एका वैशाखात भानगड झाली. दादानं सिनेमाची कॅसेट लावली आणि त्या गाण्यातले शब्द जरा इकडचे तिकडचे होते. भावकीतले थोरले आबा बाहेर ओट्यावर बसले होते. ते काठी आपटत आत आले आणि त्यांनी गाणं बंद करायला लावलं. बायका हिरमुसल्या. नवरीची आई रडायला आली. तेव्हा आबांचं मन थोडं पातळ झालं आणि जाता जाता ते बोलले, "गाणं नको. ढोलकी चालेल."

दुसरा कुणी असता तर ढोलकीवाला शोधत भोकरदनला गेला असता. बबनदादानं आबांचा शब्द आहे तसा उचलला. गाणं नको ना, मंग गाणं काढून टाकू. दुसऱ्या दिवशी दुपारी तो धान्याच्या कोठीत कॅसेटचे दोन डेक घेऊन बसला. गाणं सुरू व्हायच्या आधी आणि दोन कडव्यांच्या मधे जी मोकळी ढोलकी वाजते, तेवढाच तुकडा एका डेकवरून दुसऱ्यावर घ्यायचा. अंगठा पॉजच्या बटणावर. शब्द आला की दाबायचं. पुन्हा मागं, पुन्हा तोच तुकडा. एक, दोन, चाळीस वेळा. टेप तुटली की ब्लेडनं सरळ कापून सेलोटेपच्या चिंधीनं जोडायची आणि कडा सुमनवहिनीच्या नेलपॉलिशनं पक्की करायची. वहिनीची नवी बाटली महिन्यात संपली, बोटं मात्र कोरी. संध्याकाळपर्यंत बारा मिनिटांची नुसती ढोलकी तयार झाली, एका शब्दाशिवाय. त्याला आम्ही जोड टेप म्हणायचो.

पुढच्या हळदीला आबांनी ओट्यावरून ऐकलं आणि मान डोलावली. शब्द नाही म्हणजे चावटपणा नाही, असा त्यांचा हिशोब. त्यांना काय ठाऊक, शब्द गेल्यावर आमचं काय झालं ते. गाणं असलं की गाण्यातल्या बाईसारखं नाचावं लागतं. नुसत्या ठोक्यावर जी ती आपल्यासारखी नाचते. पहिली दोन मिनिटं जरा लाज, पाचव्या मिनिटाला अंगातलं दुखणं निघून जायचं, आणि दहाव्या मिनिटाला कोण कुणाची सासू आणि कोण कुणाची सून, काही भान नाही. शांताकाकू तर डोळे मिटून एकाच जागी गिरक्या घ्यायची. जमिनीवर सांडलेली हळद पायांनी मळून मळून पिवळा चिखल व्हायचा. आणि सतरंजीवरून ओरड जायची, दादा लांबव, दादा थांबू नको. बारा मिनिटांची दादानं पुढं वीस केली, मग दोन्ही बाजू भरल्या. बाजू संपायच्या आत दुसऱ्या डेकवर तीच ढोलकी धरायची, मधे फट पडू द्यायची न्हाई, हा त्याचा धर्मच झाला.

राजूरला चतुर्थीला कॅसेटवाल्यांची दुकानं लागायची. नारळ, पेढे, उदबत्तीचा धूर आणि प्रत्येक दुकानातून वेगळं गाणं. दादा त्या गर्दीत उभा राहून दुकानदाराला विचारायचा, यात मोकळी ढोलकी किती हाय? दुकानदार त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. गाणं कुणी गायलं, सिनेमा कुठला, कशाशी देणंघेणं नाही. भाजीवाल्याकडे जाऊन नुसती देठं मागावीत, तसला प्रकार. कॅसेटच्या पाठीवर तो बॉलपेनानं लिहून ठेवायचा, दुसरं गाणं, मधे, चांगली. घरभर असल्या चिठ्ठ्या.

सगळ्यात भारी नाचायची सुमनवहिनी. दादाची बायको. एरवी पदराच्या आत बोलणारी, पण जोड टेप लागली की तिचा उजवा पाय असा पडायचा की आम्ही पोरी आपलं नाचणं सोडून तिच्याकडे बघायचो. तिला घाई नव्हती. सगळ्या ठोक्यावर पाय टाकायच्या, ती ठोक्याच्या किंचित मागं राहायची, ठोक्याला वाट बघायला लावून मग टाकायची. मी पुष्कळ प्रयत्न केला. आलं नाही ते नाहीच.

आणि तिचा नवरा सहा हातांवर सतरंजीमागं बसलेला. त्याला सगळं ऐकू यायचं, दिसायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो सांगायचा, काल शांताकाकूनं मधेच सोडलं, गुडघा दुखून राह्यला काय? धाकटीनं काचेच्या काढून प्लॅस्टिकच्या बांगड्या का घातल्या? आम्ही तोंडाला पदर लावायचो. एकदा हिवाळ्यात शेतात हुरड्याला बसलो होतो, राखेत कणसं फुटत होती, तेव्हा मी त्याला चिडवायला विचारलं, वहिनी कशी नाचते सांग बरं. तो कणीस चोळत राहिला. मग म्हणाला, "तिचा पाय मला बराबर ऐकू येतो. पण एकदा पाह्यचं होतं."

मी हसले होते. अठरा वर्षांची पोर, मला काय कळणार. घरात सासरा, चुलतसासरा, आणि नवऱ्यापुढं बायको नाचते असं कुणी कधी बघितलेलं नाही. अडवलं कुणी नव्हतं, कारण विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मोठी मशिनं आली, ट्रॉल्या आल्या, हळदी उघड्यावर आल्या. दीर, भावजया, नवरा, नवरी, सगळे मिळून नाचायला लागले. चांगलंच झालं. पण नाच उघड्यावर आला तेव्हा आमचा दादा घरी बसला. दोन डेक आणि एका भोंग्याला कोण विचारतो? सुमनवहिनीनंही मग आपली उमर झाली असं ठरवून टाकलं. लग्नात दोघंही जेवणाच्या पंगतीकडे उभे दिसायचे, वाढपी कमी पडले की वाढायचे.

रेणूला यातलं काही ठाऊक नव्हतं. दादानं कधी सांगितलं नाही. दुसऱ्यांची गाणी कापली, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटायचं. मागच्या दिवाळीत रेणू मला हाऊसची गोष्ट सांगत होती. शिकागोत गोदामासारख्या जागी लोक नाचायला जमायचे. बाकी ठिकाणी ज्यांना मोकळं नाचता येत नव्हतं ते. काळे लोक, पुरुषावर जीव असलेले पुरुष, घरून हाकललेली पोरं. गाणं चार मिनिटांत संपायचं आणि यांचं नाचणं संपायचं नाही. मग वाजवणाऱ्यानं गाण्यातला मोकळा ठोका धरला, टेप कापली, जोडली, लांबवली. पुढं त्यात ठोक्याचं मशीन आलं आणि त्याचं हाऊस झालं. रेणू सांगत होती आणि मला हसू आवरेना. ती रागावली. मी म्हटलं, बाई, उठ, पत्र्याची पेटी काढ, तुला तुझा बाप दाखवते.

पेटीत एकच जोड टेप शाबूत निघाली. रेणूनं ती हातात धरली, जोडावरच्या नेलपॉलिशच्या लाल रेघा पाहिल्या आणि ती खाली फरशीवर बसली. पप्पा, माझ्या कार्यक्रमात हे तुम्हीच वाजवा, असं तिनं धरलं. दादाला मात्र पटेना. पुण्याची, संभाजीनगरची पोरं येणार, माझ्या तुकड्यांवर हसतील, म्हणाला. मी पुढच्या महिन्याभरात तीनदा एस्टीनं राजूरला गेले. तिसऱ्या खेपेला बघते तर डेक उघडून ठेवलेला, आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाल्ता, आणि दादा काडीला कापूस गुंडाळून तो खरवडून काढत होता. मग मी चहा घेऊन निघाले.

वहिनी म्हणाली, मी येईन, पण रेणूसाठी. नाचायचं नाव काढू नको.

तर परवाची संध्याकाळ. सत्तर-ऐंशी पोरंपोरी आली. कॉलेजची, बियाण्याच्या कंपन्यांतली, काही बाहेरगावची. राजूरहून क्रूझर गाडीनं आमच्या पाच बायका आल्या, त्यात शांताकाकू, ऐंशीला टेकलेली, आणि मधे सुमनवहिनी. पाचही जणी भिंतीकडेला खोळीच्या खुर्च्यांवर ओळीनं बसल्या. दादा इस्त्रीचा सदरा घालून डेक मांडीवर घेऊन बसला होता, कुणी हात लावेल म्हणून.

रेणूनं सहाला सुरुवात केली. आधी जुनी, गाणी असलेली, तंतुवाद्यांची, मग हळूहळू शब्द कमी होत गेले आणि ठोका उरला. एकसारखा, न चुकणारा, विहिरीवर दूरचं इंजिन चालतं तसा. पोरं काय नाचली म्हणून सांगू. घामानं भिजलेली, हसणारी, चपला कोपऱ्यात. एक मुलगा एकटाच डोळे मिटून जागच्या जागी फिरत होता आणि मी शांताकाकूला कोपरानं ढोसलं. तिनंही बघितलं होतं. मॅनेजर दारात उभा राहून सरबत पीत पायानं ताल धरत होता. त्याच्या बापजन्मात इतका स्वस्त आणि इतका आनंदी वाढदिवस झाला नसेल.

नऊ चाळीसला रेणूनं माईक घेतला आणि एवढंच सांगितलं की हे माझे पप्पा, राजूरचे, आणि हे त्यांनी माझ्या जन्माआधी केलेलं आहे. दादा स्टेजवर गेला. दोन सिंहासनांच्या मधे टेबल, त्यावर दोन डेक. दुसऱ्या डेकसाठी रेणूनं त्याच टेपची नक्कल करून दिली होती.

बटण दाबलं. ढोलकी लागली. थोडी खरखर, थोडी घोगरी, पण ती तीच. पोरं क्षणभर गोंधळली आणि मग त्यांना ठोका सापडला. दादा समोर बघत होता. समोर एवढी माणसं आणि सगळी त्याच्याच हाताकडे डोळे लावून. एका डेकवरून दुसऱ्यावर जाताना त्याचं चुकलं, ठोक्यावर ठोका चढला, नुसता गोंगाट. कुणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं ते, पण दादाला हसू आणि हसू यातला फरक कळण्याची ती वेळ नव्हती. मला वाटलं, आता हा खाली उतरतो. वहिनीनं माझं मनगट धरलं.

दादानं खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला. हात पाठीमागच्या डेकवर न बघताच गेले. आणि मग काही चुकलं नाही. ढोलकी अशी सरळ लागली की पोरांनी आरोळी ठोकली.

इकडे शांताकाकूनं पदर खोचला. म्हणाली, त्यानं पाठ केली, मंग आता कुणाची लाज? आणि उठली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. पोरांनी बाजूला सरकून मधे जागा केली. मी गेले. हो, मी पण, जालन्यातल्या ओळखीच्या चार माणसांच्या देखत. गुडघे कुरकुरले आणि गप्प झाले. पुण्याच्या एका मुलीनं माझे हात धरले आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या फिरलो.

आणि मग मला बाजूनं तो पाय ऐकू आला. ठोक्याच्या किंचित मागं. सुमनवहिनी कधी उठली मला कळलं नाही. साठीची बाई, पातळाचा काठ घोट्यावर, हात जेमतेम कमरेपर्यंत उचललेले, आणि तो पाय. पोरं नाचायची थांबून बघायला लागली.

मी धावत स्टेजवर गेले. दादाची मान एका बाजूला कललेली होती. म्हटलं, दादा, वहिनी नाचून राह्यली, वळ.

"ऐकू येऊन राह्यलं मला," तो म्हणाला.

"मंग बघ की."

त्यानं मान हलवली. डोळे भिंतीवरच. "मी पाह्यलं आन ती थांबली तर?"

इतकी वर्षं न बघता मिळालेलं तेवढं तरी त्याच्याजवळ होतं. मी तशीच उभी राहिले, मशीन तापल्याचा वास नाकात, आणि मला रडायला येत होतं आणि हसूही येत होतं. घड्याळात दहाला सहा मिनिटं होती. टेपची पहिली बाजू संपत आली होती. दादाचा हात सवयीनं दुसऱ्या डेककडे सरकला.

खालून वहिनीचा आवाज आला. मोठा नव्हता.

"अहो, इकडं बघा."

तो वळला. हळू, खुर्चीसकट.

वहिनी थांबली नाही. तिनं नजर खाली नेली नाही, पदर सारखा केला नाही. उलट एक पाऊल पुढं आली, ठोक्याला तसंच वाट बघायला लावलं, आणि मग पाय टाकला, त्याच्याकडे सरळ बघत. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. दादाचा हात डेकवर पोचलाच नाही. मधेच हवेत राहिला.

खट् करून बटण वर आलं. ढोलकी बंद झाली. रेणूनं घाईनं आपल्या पेटीकडे हात नेला, तो मी धरला. एवढ्या मोठ्या कार्यालयात आता नुसती वहिनीची पावलं आणि बांगड्या. मग तीही थांबली, धापा टाकत, कमरेवर हात ठेवून.

"अहो," ती म्हणाली, "टेप संपली."

दादानं ऐकलं नाही. तो बघत होता.